माजी सैनिक आणि मायग्रेन: सुटलेले वेळापत्रक पुन्हा बांधण्याची पद्धत

फौजेत असताना अधूनमधून दुखणारे डोके घरी आल्यावर दर आठवड्याला दुखू लागले, अशी तक्रार गोव्यातल्या माजी सैनिकांत नेहमी ऐकू येते. वय, बीपी, जुना मार अशी कारणे त्यात असतातच, पण एका कारणाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मायग्रेनची, म्हणजे अर्धशिशीची, प्रवृत्ती असलेला मेंदू बदलाला बिचकतो. झोप चुकली, जेवण टळले, चहाला उशीर झाला, एकदम कडक ऊन लागले, की त्याला निमित्त मिळते. पलटणीत उठणे, पीटी, नाश्ता, जेवण, दिवे मालवणे हे सगळे घड्याळावर चालायचे. सिव्हिलमध्ये, म्हणजे नागरी आयुष्यात, ते घड्याळ सुटते. कुणी सिक्युरिटीच्या रात्रपाळीला लागतो, कुणी बागायतीत उन्हातान्हात राबतो, कुणी नुसता घरी बसून दुपारी दोन तास झोपतो आणि रात्री छताकडे बघत राहतो.

दिनक्रम बदलल्याने मायग्रेन मुळापासून जात नाही, कारण प्रवृत्ती बहुधा अनुवंशिक असते. अटॅकची संख्या आणि जोर मात्र कमी करता येतो. औषधाला पर्याय म्हणून नव्हे, तर औषध नीट लागू पडावे म्हणून पुढच्या पायऱ्या आहेत. सगळ्या एका आठवड्यात सुरू करू नका. पहिल्या तीन आधी करा, मग दर दोन आठवड्यांनी एक एक वाढवा.

१. आधी ही डोकेदुखी मायग्रेनचीच आहे ना, ते पाहा

मायग्रेनचे दुखणे बहुतेकदा डोक्याच्या एका बाजूला असते, ठणकते, जिना चढल्यावर वाढते, सोबत मळमळ येते किंवा उजेड-आवाज नकोसा होतो. उपचार न केल्यास ते ४ ते ७२ तास टिकते. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. त्या साधारण ५ मिनिटे ते तासभर राहतात.

पुढीलपैकी काहीही असेल तर डायरी-बियरी बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा:

- मिनिटभरात कळसाला पोचलेले, आयुष्यात कधी झाले नव्हते असे दुखणे
- ताप आणि मान ताठणे
- हातापायात कमजोरी, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे
- डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना
- अचानक कमी झालेली दृष्टी

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी 'मायग्रेन असेल' म्हणून अंगावर काढू नये. कानशील दुखते, घास चावताना जबडा दुखतो, वजन उतरते आहे, असे असेल तर डोक्यातल्या रक्तवाहिन्यांना सूज आलेली असू शकते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात डोळा जातो. जुने दुखणे असले तरी त्याची चाल बदलली, म्हणजे खोकताना किंवा वाकताना वाढू लागले, की डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट फौजींनी सांगायचीच असते, आणि तीच राहून जाते. नोकरीत कधी जवळ स्फोट झाला होता का, गाडी उलटली होती का, डोक्यावर पडून काही क्षण भान गेले होते का, तोफेजवळची ड्युटी किती वर्षे होती. डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी हुबेहूब मायग्रेनसारखी वागते, पण तिच्यासोबत चक्कर, विसराळूपणा, चिडचिड, झोपमोड असे बरेच काही असते आणि उपचारात त्याचा विचार करावा लागतो. 'त्यात काय सांगायचे, सगळ्यांनाच लागते' ही सवय इथे सोडावी.

२. चार आठवडे नोंद ठेवा

वेगळी वही नको असेल तर भिंतीवरचे कॅलेंडर चालते. नोंद लहान ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बंद पडते. एक नोंद अशी दिसावी:

'मंगळवार. पहाटे ५ ला सुरू, डावी बाजू, जोर १० पैकी ७. मळमळ, उलटी नाही. ५.४० ला नेप्रोक्सेन १ गोळी, ८ ला उतरले. आदल्या रात्री झोप ४ तास, पाळी बदलली. जेवण ११ ला. हुर्राक (काजूची दारू) २ ग्लास. पाणी कमी.'

डोके दुखले नाही त्या दिवशीही झोपेचे तास आणि गोळी घेतली की नाही, एवढे लिहा. बरे गेलेले दिवस कोरे ठेवले तर तुलना कशाशी करणार?

अटॅकच्या आदल्या दिवसाकडे नीट पाहायला शिका. वारंवार जांभया, मान आखडणे, उगाच चिडणे, गोड खायची ओढ, सारखी लघवी, ही अटॅक सुरू झाल्याची पहिली चिन्हे असतात. त्यामुळे फसगतही होते. गोडाची ओढ लागली म्हणून चॉकलेट खाल्ले आणि मग डोके दुखले, तर दोष चॉकलेटचाच असेल असे नाही. एखाद्या पदार्थानंतर किमान तीनदा तसेच घडले तरच तो सोडायचा विचार करा. नाहीतर दही, केळी, आंबट, वांगे असे करत करत ताटात काही उरत नाही.

३. गोळ्या मोजा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. डोके दुखले की एमआय रूममधून, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातून, ब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल आणायचे, ही सवय अनेकांच्या अंगवळणी पडलेली असते. घरी आल्यावर एमआय रूमची जागा कोपऱ्यावरची फार्मसी घेते आणि मोजणारे कुणी उरत नाही.

मर्यादा लक्षात ठेवा. साधी वेदनाशामके (पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन) महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान व अर्गोटामाइन (दोन्ही मायग्रेनवरची खास औषधे), ट्रामाडॉल (जास्त जोराचे वेदनाशामक) किंवा कॅफिन घातलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. मोजायचे ते दिवस, गोळ्यांची संख्या नव्हे. सुरक्षित राहायचे तर आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी नको. फार्मसीत 'मायग्रेनची गोळी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांत अर्गोटामाइन आणि कॅफिन असते. पाकिटामागची बारीक अक्षरे वाचा. १० दिवसांची मर्यादा तिथे लागू होते.

मर्यादा ओलांडली गेली असेल तर साधी वेदनाशामके आणि ट्रिप्टान डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदम थांबवता येतात. पुढचे दोन ते दहा दिवस दुखणे उलट वाढते आणि तिथेच बहुतेक जण हार मानतात. तो आठवडा लग्नसराईत किंवा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) धामधुमीत धरू नका. ट्रामाडॉल आणि झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःहून एकदम सोडू नयेत. त्या पायरीपायरीने आणि देखरेखीखालीच उतरवाव्या लागतात.

दुसरे टोकही तितकेच वाईट. दात-ओठ खाऊन सहन करायचे आणि अगदीच असह्य झाले की गोळी घ्यायची. तोपर्यंत पोटाची हालचाल मंदावलेली असते, गोळी नीट शोषली जात नाही, उलटीत पडून जाते. मायग्रेन आहे अशी खात्री पटली की दुखणे हलके असतानाच, शक्यतो पहिल्या तासात, डॉक्टरांनी ठरवून दिलेली पूर्ण मात्रा घ्यावी. अर्धी-अर्धी करून चार वेळा घेतल्याने काहीच साधत नाही.

हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेले बीपी असेल तर ट्रिप्टान आणि अर्गोटामाइन चालत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा बीपी असेल तर आयबुप्रोफेन-नेप्रोक्सेनही विचारल्याशिवाय नको. शेजारच्याला लागू पडलेली गोळी उसनी घेणे धोक्याचे, ते यासाठी.

४. उठायची वेळ पक्की करा

झोपायची वेळ आपल्या हातात पूर्णपणे नसते, उठायची असते. म्हणून तिथून सुरुवात करा. पहाटे साडेपाच तर साडेपाच, रविवारीही तेच. सुट्टीच्या दिवशी दोन तास जास्त लोळले की सकाळचा चहाही दोन तास मागे जातो आणि दुहेरी निमित्त होते. दुपारची झोप हवीच असेल तर २० मिनिटे, तीनच्या आत. सिएस्टावर गोव्यात टीका करणे अवघड आहे, पण मायग्रेनवाल्याला लांब सिएस्टा परवडत नाही.

रात्री अंथरुणात २० मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. मोबाइल त्या खोलीत नको.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, सकाळी उठतानाच डोके जड असणे आणि दिवसा डुलक्या येणे, ही स्लीप ॲप्नियाची लक्षणे आहेत. हे तुम्हाला स्वतःला कळत नाही. घरच्यांना विचारा. तपासणीत ॲप्निया निघाला तर मशीन लावून झोपल्याने सकाळची डोकेदुखी पुष्कळांची कमी होते.

सिक्युरिटीची नोकरी असेल तर:

- दर आठवड्याला पाळी बदलण्यापेक्षा एकच पाळी सलग मागा. कायम रात्रपाळीही चांगली नाही, पण फिरती पाळी मायग्रेनला जास्त छळते.
- मुख्य जेवण ड्युटीवर जाण्याआधी घ्या. मध्यरात्रीच्या सुमारास हलके काहीतरी खा, पोट रिकामे ठेवू नका.
- झोपायच्या वेळेच्या सहा तास आधी शेवटचा चहा.
- सकाळी घरी परतताना गॉगल लावा, खोलीला जाड पडदे करा, आणि आठवडी सुट्टीच्या दिवशीही झोपेचे निदान चार तास नेहमीच्याच वेळेत येतील असे बघा.

वेर्ण्यातला कारखाना असो वा पणजीतला कॅसिनो, पाळीचा बदल तोंडी मागितला तर विसरला जातो. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी द्या.

५. जेवण, पाणी, चहा आणि पेला

दोन खाण्यांत जागेपणी चार तासांहून जास्त अंतर नको. गोव्यात पूर्वी दहा-अकराच्या सुमारास पेज प्यायची पद्धत होती. मायग्रेनसाठी याहून सोयीचे खाणे नाही: पाणी, मीठ आणि पचायला हलका भात एकाच वाडग्यात. मधुमेह असेल तर पेज थोडी घेऊन सोबत उसळ किंवा उकडलेले अंडे घ्या. सकाळी नुसता चहा आणि पाव खाऊन दीडपर्यंत ताणणाऱ्यांचे डोके बाराच्या सुमारास का धरते, ते नोंदीत लगेच दिसेल.

एकादशी, सोमवार, नवरात्र हे उपवास करायचे असतील तर निरंकार करू नका. दर तीन तासांनी फळ, दूध, शेंगदाणे घ्या आणि चहा नेहमीच्या वेळी चालू ठेवा. उपवासाला डोके दुखते, त्यात पोटाइतकाच वाटा चुकलेल्या चहाचा असतो.

चहाचे गणित असे. लहान कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते, आणि दिवसाला एकूण २०० मिलिग्रॅमच्या आत राहणे बरे. म्हणजे तीन-चार लहान कप, ठरलेल्या वेळी. आठ-दहा कप होत असतील तर एकदम तोडू नका. एकदम सोडला की १२ ते २४ तासांत डोके धरते आणि आठवडाभर त्रास होऊ शकतो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा.

पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, एप्रिल-मे महिन्यांत बागेत काम असेल तर त्याहून जास्त. लघवी फिकट पिवळी दिसली की पुरेसे झाले. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादाच पाळा. सोलकढी, कोकम सरबत चांगलेच, फक्त बीपी असेल तर मीठ जपून. चोरीस (गोव्याचे सॉसेज) आणि इतर खारवलेल्या मांसातले नायट्रेट काहींना बाधते. ते सोडण्याआधी वरचा तीनदाचा नियम लावा.

दारूबद्दल स्पष्ट बोलावे लागेल. कॅन्टीनचा कोटा आहे म्हणून तो संपवलाच पाहिजे असे नाही. दारूने झोप लागते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते, शरीरातले पाणी जाते आणि पहाटेचा अटॅक येतो. एक महिना पूर्ण बंद करून नोंद पाहा. फरक पडला तर उत्तर मिळाले. रोज पिणाऱ्याने मात्र अचानक थांबू नये. हात थरथरणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांना सांगूनच थांबावे.

६. व्यायाम: पीटीचा जोश नको

इथे माजी सैनिकांची चूक नेमकी उलटी होते. पाच वर्षे काही केलेले नसते आणि एके दिवशी थेट पाच किलोमीटरची धाव. असा एकदम पडलेला ताण अटॅक आणतो. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटे चाला, दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवा, ३० ते ४० मिनिटांवर थांबा, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा की बोलता येईल पण गाता येणार नाही. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे संथ. मिरामारच्या किनाऱ्यावर किंवा गावच्या मैदानावर जायचे तर ऊन चढण्याआधी, आणि निघण्याआधी एक पेला पाणी व दोन-चार बिस्किटे. अटॅक चालू असताना व्यायाम नाही.

वर्षानुवर्षे हेल्मेट आणि पाठीवरचे ओझे वाहिलेल्यांची मान बहुधा आखडलेली असते. मानेसाठी फिजिओथेरपिस्टकडून चार-पाच हालचाली शिकून घ्या. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणे बंद. मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो.

७. ऊन, चकाकी, आवाज

मांडवीच्या पुलावर सकाळी पाण्यावरून येणारी चकाकी, किनाऱ्यावरची पांढरी वाळू, मे महिन्यातली दुपार, हे गोव्यात टाळता येत नाही, पण सौम्य करता येते. पोलराइज्ड गॉगल आणि रुंद कडेची टोपी वापरा. घरात मात्र काळा चष्मा नको. डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही टोचू लागतो. लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलून टाका. दुचाकीचे हेल्मेट डोक्यावर हलू नये, पण काढल्यावर कपाळावर लाल वळ उमटत असेल तर माप चुकले आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर काहींचे अटॅक वाढतात. हवा बदलता येणार नाही, पण त्या दिवसांत झोप-जेवण आणखी काटेकोर ठेवता येते. निमित्ते एकावर एक साचतात. एकटे ऊन जे पचते, ते उपाशीपोटी आणि अर्ध्या झोपेवर पचत नाही.

आवाजाचे दिवस आधीच माहीत असतात: नरकासुराची रात्र (नरक चतुर्दशीच्या आधीची), शिगमो, चवथीचे फटाके, गावचे फेस्त. स्फोटांचा अनुभव असलेल्यांना फटाक्यांनी नुसते डोके दुखत नाही, अंगही ताठ होते. नरकासुराच्या रात्री फोमचे इअरप्लग लावा, रस्त्यापासून दूरची खोली घ्या, जमल्यास नातेवाइकांकडे आत गावात जा. पहाटेचे अभ्यंगस्नान करा, फोव (पोहे) खा, पण रात्रीची बुडालेली झोप दुपारी तीन तास झोपून भरून काढू नका. इअरप्लग रोज मात्र नको, कान आणखी हळवे होतात.

८. ताण आणि झोपेतली स्वप्ने

दिवसातून दोनदा दहा मिनिटे: पायांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायूगट ५ सेकंद आवळा, १५ सेकंद सोडा. श्वास नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. दुखत असताना शिकायला बसू नका, बऱ्या दिवसांत सराव करा.

जुन्या घटना स्वप्नात येणे, सतत सावध राहणे, गर्दी टाळणे, क्षुल्लक गोष्टीवर भडकणे असे चालू असेल तर ते वेगळे दुखणे आहे, आणि ते बरे होईपर्यंत मायग्रेनही हटत नाही. बांबोळीची आयपीएचबी ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. तिथे फोन केला म्हणून पेन्शनला धक्का लागत नाही.

९. अटॅक आल्यावरचा क्रम घरच्यांनाही सांगून ठेवा

गोळी घ्या, मळमळीची गोळी दिली असेल तर तीही. पेलाभर पाणी. अंधारी, शांत खोली. कपाळावर किंवा मानेवर कापडात गुंडाळलेला बर्फ, १५ मिनिटे. गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचे नाही. परवान्याची बंदूक सांभाळणाऱ्या सिक्युरिटीवाल्यांनी अशा वेळी ड्युटी दुसऱ्याकडे द्यावी. ७२ तास उलटले किंवा पाणीही पोटात ठरत नसेल तर रुग्णालयात जा.

१०. डॉक्टरांकडे जाताना

इसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असेल तर सुरुवात योजनेच्या पॉलिक्लिनिकपासून. तिथले वैद्यकीय अधिकारी गरजेप्रमाणे न्यूरोलॉजिस्टकडे रेफर करतात. रेफरलवर मुदत लिहिलेली असते, ती उलटली की फेरी फुकट जाते. १ एप्रिल २००३ पूर्वी निवृत्त झालेले आपोआप सदस्य नसतात. ज्यांनी अजून कार्ड केलेले नाही त्यांनी पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. तोपर्यंत गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी आहेच. पॅनेलबाहेरच्या (योजनेशी न जोडलेल्या) रुग्णालयात तातडीने दाखल व्हावे लागले तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा.

सोबत ठेवा:

- इसीएचएस कार्ड, आधार, डिस्चार्ज बुक, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत
- रिलीज मेडिकल बोर्डाचे कागद, सेवेतील इजेचे रिपोर्ट
- जुने एमआरआय-सीटी (नुसता रिपोर्ट नव्हे, फिल्म किंवा सीडीही)
- चालू औषधांची रिकामी पाकिटे, आयुर्वेदिक धरून
- चार आठवड्यांची नोंद आणि आठवडाभराचे बीपीचे आकडे

मूळ कागद कुठेही जमा करू नका, प्रती द्या.

महिन्यात चार किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. निवड तुमच्या बाकीच्या दुखण्यांवरून होते, म्हणून लपवू नका. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल चालत नाही. प्रोस्टेट वाढलेली असेल तर ॲमिट्रिप्टिलीनने लघवी अडू शकते. मुतखडा झालेला असेल तर टोपिरामेट अडचणीचे. नैराश्य किंवा हाताला कंप असेल तर फ्लुनारिझिन ते वाढवू शकते. ही औषधे दुखणे उतरवण्यासाठी नसतात. ठरलेल्या मात्रेवर निदान आठ आठवडे गेल्याशिवाय 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडले असे धरतात. महिन्याला बारा दिवसांचे सहा झाले की बहुतेकांना वाटते आता गरज संपली, आणि तिथे गोळी बंद होते. प्रोप्रानोलॉल असे एकाएकी थांबवणे हृदयाला धोक्याचे आहे. पुढची तारीख घेऊन, वही सोबत नेऊन, मात्रा उतरवायची की नाही ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.